लाकडाची करटी

शिमगा सरला की देवगडात हातोड्या वाजू लागतात. आधी एका वखारीतून, मग दुसरीतून, आणि चैत्र लागेपर्यंत बंदराच्या रस्त्यावर उभं राहिलं की चारी बाजूंनी खिळे ठोकल्याचा आवाज येतो. आंबा अजून झाडावर कच्चा असतो, पण त्याची मुंबईला जायची पेटी तयार होत असते. बाहेरचा माणूस मोहोराच्या वासावरून हंगाम ओळखतो. मी हातोड्यांवरून ओळखते. आणि दरवर्षी त्या आवाजाबरोबर माझं डोकं तापतं.

यंदा जरा जास्तच तापलं. परवा एका नव्या वखारीत फळ्यांचा भाव करायला गेले होते. बोलणं रंगात आलं होतं. मी दोनदा उठून जायचं नाटक केलं होतं आणि वखारवाल्यानं दोनदा मला परत बसवलं होतं. तेवढ्यात खुंटीला टांगलेली ती दिसली. फणसाच्या लाकडाची, हातभर लांब, मधोमध खोबण, मागे मूठ.

"ह्यां काय?" मी विचारलं.

"ही? बापूशेटची करटी. मशिनीर बारके तुकडे कापूक. आता सगळ्या मिलींनी आसा. बापूशेटचां डोक्यां म्हणजे काय इचारू नको."

मी तिसऱ्यांदा उठले ती बसलेच नाही. सौदा असा अर्धा टाकून मी आयुष्यात कधी परतले नव्हते.

ती करटी बापूशेटची नाही, माझी आहे. हे मी दहा वर्षं तोंडानं सांगत आले. लोक हसतात आणि म्हणतात, "आसात गो, तुझीच आसात," जसं हट्टी पोराला म्हणावं तसं. म्हणून आता लिहून सांगते.

करटी म्हणजे आमच्याकडे नारळाची करवंटी. ती लाकडाची कशी झाली ते सांगायचं तर त्या एका हंगामाकडे जावं लागतं.

आमचे हे दर्यावर वाढलेले. गाव त्यांना दाजी म्हणतो. इथे मीही तसंच लिहिते, नाहीतर 'हे' आणि 'ते' करण्यातच लेख संपायचा. दाजीची होडी वाऱ्यात खडकावर गेली आणि तिच्या फळ्या किनाऱ्याला लागल्या. माणसं वाचली. दुसऱ्या होडीवर जागा हवी तर सोनू तांडेलाची नवी होडी बांधून पाण्यात पडेपर्यंत थांबायला हवं होतं. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. कोणाला घ्यायचं आणि कोणाला नाही हे तोच ठरवतो. होडीवर पगार नसतो, वाटा असतो. ज्याचे हात धड त्याला पुरा वाटा. ज्याचा हात अधू त्याला अर्धा, आणि तोही तांडेलाच्या मनात असला तर. जाळ्याची दोरी ओल्या हातातून सुटली तर सगळ्यांचीच मासळी जाते, तेव्हा या नियमाला कोणी नावं ठेवत नाही.

तोवर पोट भरायला दाजी बापूशेटच्या लाकूड कापायच्या मिलीत लागला. मी आधीपासून तिथेच होते. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन फिरले होते, म्हणून भाव करणं मला कोणी शिकवावं लागलं नाही. झावळ्यांच्या मांडवाखाली आम्ही बायका पेट्या ठोकत असू. पुढे बागायतदारांशी पेटीचं बोलणंही बापूशेट माझ्यावर सोडू लागले. ते स्वतः रागावले की गिऱ्हाईक निघून जायचं. मी रागावले की गिऱ्हाईक घाबरून कबूल व्हायचं.

त्या मांडवाचा वास अजून नाकात आहे. ताज्या कापलेल्या आंब्याच्या लाकडाला आंबूस वास येतो, थेट कैरीसारखा नाही, कैरी ठेवून दिलेल्या फडताळासारखा. हापूस जातो तो रायवळ आंब्याच्या लाकडात बसून. गरीब भावाच्या खांद्यावर बसून श्रीमंत भाऊ मुंबईला निघाला, असं मला पेटी ठोकताना नेहमी वाटायचं. त्यात भाताच्या पेंढ्याचा वास, इंजिनाच्या तेलाचा, आणि दुपारी खाडीवरून वारा फिरला की सुकत घातलेल्या बांगड्याचा. घामावर भुसा बसायचा आणि संध्याकाळी सगळ्या बायका हळद लागल्यासारख्या पिवळ्या होऊन घरी जायच्या.

मशीन फोंडाघाट उतरून ट्रकातून आलं होतं. त्याच्याबरोबर आलेल्या कोल्हापूरच्या फिटरनं त्याला 'बँडसॉ' म्हणायला शिकवलं. दोन मोठी चाकं, एक वर, एक खाली, आणि त्यांवरून फिरणारी पोलादाची दात्यांची पट्टी. मधे लोखंडी पाट, त्यावर लाकूड ठेवून ढकलायचं. चालू असताना ते पातं दिसत नाही. पन्हळीतून पाण्याची धार पडावी तसं काहीतरी लखलखतं, एवढंच. आवाजही भीती वाटावी असा नाही. लांबून ऐकलं तर कोणी बाई जात्यावर काही म्हणते आहे असं वाटेल.

मोठे ओंडके कापताना त्यात धोका कमी. हात लांब असतात. धोका होता तो ठोकळ्यांत. पेटीच्या चारी कोपऱ्यांत आतून तिकोनी ठोकळे लागतात. खिळे त्यांच्यातच बसतात. आता चांगलं लांब लाकूड तिरकं कापलं आणि मग त्याचे तुकडे पाडले तर काम सोपं. पण बापूशेट चांगल्या लाकडाला हात लावू देत नसत. फळ्या कापून उरलेले मुठीएवढे तुकडे असायचे, त्यांतूनच ठोकळे काढायचे. "फुकटचां लाकूड चुलीत कित्याक घालूचां?" असं ते म्हणायचे. तो चौकोनी तुकडा कोपऱ्यावर उभा धरायचा, दोन बोटांच्या चिमटीत, आणि पात्यावर ढकलायचा. कोपऱ्यावर उभा केलेला तुकडा गडगडायला टपलेलाच असतो. फुकटच्या लाकडाची किंमत कशी चुकती होते ते आम्ही त्या हंगामाच्या आधीच्या वैशाखात पाहिलं.

भिवा मेस्त हा मिलीतला जुना सुतार. त्याच्या उजव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटं गेली. तो ओरडला नाही. हात धोतरात गुंडाळून बाहेर आला आणि बायकांच्या मांडवाशी येऊन म्हणाला, "कोणी माका पाणी देशात?" माझ्या हातून तांब्या घेताना त्यानं डावा हात पुढे केला. तेव्हा मला कळलं.

इथपर्यंतचं कुठेही झालं असतं. पुढचं मात्र आमच्याकडेच होऊ शकतं. मिलीत दरवर्षी हंगामाच्या सुरुवातीला मशिनीपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. जागेच्या राखणदाराला साकडं, की बाबा, सगळ्यांना सांभाळ. भिवाची बोटं गेल्यावर सगळी मिल एका सुरात म्हणू लागली, मशिनीनं आपला मान घेतला. बापूशेट म्हणाले, गाडीवान म्हणाला, भुसा भरायला येणाऱ्या बायका म्हणाल्या. मान घेतला, म्हणजे आता काही वर्षं मशीन कोणाला काही करणार नाही. एकाचं रक्त पडलं म्हणून बाकीचे निर्धास्त झाले! मागे ठोकळे कापताना निदान श्वास रोखायचे. आता एकमेकांशी बोलत कापू लागले. आणि भिवाच्या जागी मशिनीवर कोणाला उभं केलं? दाजीला.

बापूशेटनी भिवाला काढला नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. त्याला भुसा लोटायला ठेवला. शिवाय गाऱ्हाणं घालायचा मान दिला. बोटं गेली, मान मिळाला. भिवा दिवसभर झाडू धरून मशिनीकडे बघत असायचा, जसा सासुरवाडीला राहिलेला जावई दाराकडे बघतो.

घरी मी दाजीला म्हटलं, "मशीन सोडा. नायतर तुकडे हातान कापू नका."

"कित्याक गो? भिवाची गेली. आता माका भय नाय."

माझा तोल गेला. हातातला डाव मी पडवीत भिरकावला. "दर्यान तुमची होडी फोडल्यान, म्हणान दुसरी फोडूचो नाय असो करार झालो काय तुमचो? तांडेल अर्ध्या हाताक पुरो वाटो देता काय? सोनूदाची होडी तयार होईत तेवा खंयचे हात घेवन जातलात?"

दाजी बाहेर गेला, डाव उचलून आणला, धुतला आणि माझ्यापुढे ठेवला. हा त्याचा स्वभाव. मी भांडायची आणि तो भांडी उचलायचा. पण दुसऱ्या दिवशी तो पुन्हा चिमटीत तुकडे धरून मशिनीवर उभा होता, आणि मांडवात बसून मी प्रत्येक खिळ्याबरोबर त्याच्या हाताकडे बघत होते. स्वतःच्या अंगठ्यावर हातोडी किती वेळा मारून घेतली ते विचारू नका.

पावसात मशीन बंद असतं. दिवाळी झाली, थंडी आली, मोहोर फुटला. फाल्गुनात एका दुपारी मी आमटीसाठी खोबरं किसायला बसले होते. आडाळ्यावर, म्हणजे तुमच्या विळीवर, पायानं पाट दाबून. नारळाची कवड फिरवत होते आणि मनात दाजीशी भांडतच होते. तेव्हा हाताकडे लक्ष गेलं. दाते इतके तीक्ष्ण, मी इतकी रागात, नजर भलतीकडे, तरी माझं बोट कधी कापत नाही. का? कारण माझा हात खोबऱ्याला लागतच नाही. हात करटीला असतो, खोबरं करटीला धरून असतं, आणि दात्यांपुढे जातं ते खोबरं. करटी नसलेला सुटा तुकडा किसायला घेतला की मात्र नख गेलंच समजा.

मग लाकडाला करटी का नको?

पडवीत फणसाची एक जुनी फळी होती. त्या रात्रीचं कालवण अळणी झालं, पण फळी मापात आली. दाजीनं ती हातभर लांब कापून दिली. तिच्या अंगावर दोन पट्ट्या अशा तिरक्या ठोकल्या की मधे नांगराच्या तासासारखी खोबण झाली. चौकोनी तुकडा तिच्यात कोपऱ्यावर आपोआप उभा राहतो, गडगडत नाही. फळीच्या खालून एक सरळ पट्टी, ती मशिनीच्या पाटाच्या कडेला धरून सरकते, म्हणजे फळी वाकडी जात नाही. आणि मागे मूठ. हात मुठीवर, पात्यापासून वीतभर लांब.

बाजाराच्या दिवशी बापूशेट दुपारी जेवायला गेले, तेव्हा आम्ही ती मशिनीवर लावली. पहिला तुकडा पात्याला टेकला आणि उडाला. वरच्या पत्र्यावर असा आदळला की मांडवातल्या बायका बाहेर धावल्या. दाजी पांढराफटक पडला. मीही, पण मी ते दाखवलं नाही. खोबणीत तुकडा बसला होता, पण त्याला वरून कोणी दाबलं नव्हतं आणि मागून कोणी अडवलं नव्हतं. मग मागच्या बाजूला आडवा ठोकळा ठोकला, आणि वरून दाबायला एक लाकडी जीभ केली, जुन्या चपलेच्या चामड्याची बिजागरी लावून. एक हात मुठीवर, दुसरा जिभेच्या लांब दांड्यावर. आता तुकडा बसला की बसला. पातं आलं, खोबणीच्या मधून फळीत शिरलं आणि तुकड्याचे दोन सारखे तिकोनी ठोकळे झाले. मग फळी हलकेच मागे घ्यायची. झटक्यानं ओढली तर पट्टी चाकावरून उतरते, हे आम्ही एकदा उतरवूनच शिकलो.

मी ती करटी पदराखाली घेऊन बापूशेटकडे गेले, जसं कोणी देवळात नैवेद्य घेऊन जावं. ते लोडाला टेकून बसले होते. त्यांनी ती उलटीपालटी करून बघितली.

"ह्यां काय शेवंते? पोळ्ये लाटूक हाडलंस?"

आजूबाजूचे हसले. मी गिळलं. सौद्यात पहिला टोमणा गिळायचा असतो. मी सगळं समजावून सांगितलं.

"चार तुकडे हातान होतत तेवड्यात हिच्यार दोन होतले," ते म्हणाले. "हंगाम काय तुझ्यासाठी थांबतलो?"

"थांबाचो नाय. पण बोटां गेली तर माणूस थांबता."

"मशिनीन आपलो मान घेतलो. आता कोणाची जायत नाय. आणि ही करटी-बिरटी लावलंस तर राखणदाराक काय वाटात? आमचो तुझ्यार इस्वास नाय, असोच ना अर्थ झालो?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते देवाबद्दल होतं आणि तिथे दहा माणसं बसली होती. मी करटी उचलली आणि बाहेर आले. रागानं डोळ्यांत पाणी आलेलं लपवायला भुशाच्या ढिगाकडे गेले, तर तिथे भिवा झाडू घेऊन उभा. त्याचा चेहरा माझ्याहून वाईट.

"दाखय," तो म्हणाला. मी दिली. डाव्या हातानं त्यानं खोबण चाचपली, जीभ दाबून पाहिली. मग एकदम करटी माझ्या अंगावर टाकली. "माझी गेली तेवा खंय होती गो तुझी अक्कल?"

जे बोलले ते बोलायचं ठरवून गेले नव्हते. "उजवो हात दी," मी म्हटलं.

त्यानं दिला नाही. मी ओढून घेतला. अंगठा होता, शेवटची दोन बोटं होती. मी करटीची मूठ त्या हातात धरून पाहिली. मूठ जाड होती, सुटत होती. "ही बारीक केली, हडे अंगठ्याक खळगो केलो, तर धरशीत?"

त्यानं मुठीवर अंगठा दाबून पाहिला. "धरीन," म्हणाला. मग हळू आवाजात, "पण शेट उभो करूचो नाय माका मशिनीर."

"शेट देवाक नाय म्हणतलो?" मी विचारलं.

भिवाला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तो हसला. बोटं गेल्यापासून पहिल्यांदा हसला असावा, कारण मांडवातल्या बायका हातोड्या थांबवून बघू लागल्या. सौदा तिथेच झाला. मूठ मी त्याच्या हाताच्या मापाची करून द्यायची. गाऱ्हाणं त्यानं माझ्या मापाचं करायचं.

गाऱ्हाण्याच्या दिवशी मशीन धुऊन पुसून उभं होतं, चाकांना झेंडूच्या माळा, पाटावर नारळ. सगळी मिल जमली. बापूशेट धुतलेलं धोतर नेसून पुढे. ज्यांनी आमच्याकडचं गाऱ्हाणं ऐकलं नाही त्यांना सांगते, ते एकटा माणूस घालतो आणि प्रत्येक मागण्याला बाकीचे सगळे मोठ्यानं होकार देतात. होकार दिला की तो शब्द सगळ्यांचा झाला. तो मोडायची कोणाची छाती नसते.

भिवा नारळापुढे उभा राहिला. आवाज त्याचा पहिल्यापासून खणखणीत.

"बा देवा म्हाराजा! ह्या जाग्याच्या राखणदारा म्हाराजा! आज ह्यां तुझां लेकरू तुझ्या फुडे उभां आसा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"हय जे कोण राबतत, बायलमाणसां, बापयेमाणसां, त्यांका सगळ्यांका सांभाळून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"शेटाच्या धंद्याक बरकत दी, पेट्ये वेळेर आगबोटीर चढांदे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी सगळ्यांत मोठा आवाज बापूशेटचा. डोळे मिटलेले, हात जोडलेले.

भिवानं श्वास घेतला. "आणि म्हाराजा, बारक्या तुकड्याक जी करटी केलली आसा, ती तुझीच बुद्धी म्हणान आमी समाजतो. हेच्या फुडे जो कोण करटी सोडून बारको तुकडो हातान कापीत, नायतर दुसऱ्याक कापूक लावीत, तेची राखण तू करू नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

लयीत आलेले लोक. होकार निघून गेला होता. बापूशेटचाही, तेवढ्याच मोठ्यानं. मग त्यांचे डोळे उघडले.

"आणि ती करटी धरूक," भिवा थांबलाच नाही, "तू जेचो मान घेतलंस, तोच हात उभो रवांदे रे म्हाराजा!"

यावर होकार विस्कळीत आला. पण आला. दाजीचा सगळ्यांत आधी.

नारळ फुटला. प्रसाद वाटून झाल्यावर बापूशेटनी मला बाजूला बोलावलं. कान लाल झाले होते. "देवाच्या तोंडान माझ्याशी सौदो केलंस गो?"

"देवाच्या खंय, शेटांनू? 'व्हय' तुमच्याच तोंडान आयकलंय. सगळ्यांत मोठ्यान."

त्या हंगामात भिवा मशिनीवर आणि दाजी ओंडके वाहायला. पहिले काही दिवस काम खरंच हळू झालं आणि बापूशेट माझ्याकडे बघून घड्याळ काढत. मग भिवाचा हात बसला. भीती गेली की हात आपोआप चपळ होतो. चिमटीत धरणाऱ्याचा अर्धा वेळ तर हात मागे घेण्यात जातो. वैशाखात, आंब्याची खरी घाई सुरू झाली, तेव्हा ठोकळ्यांचा ढीग मांडवाच्या बाहेर गेला आणि आम्हा बायकांनाच त्याला पुरं पडता येईना. रक्ताचा एक थेंब त्या पाटावर पडला नाही. राखणदाराला वाईट वाटल्याचंही कोणाला दिसलं नाही.

आणि मग दुसऱ्या मिलीचे मालक बघायला आले. मी तिथेच होते, चार हातांवर, हातात हातोडी. पाहुण्यानं विचारलं, "ह्यां कोणी केलां?" आणि बापूशेट म्हणाले, "आमी."

मी तशीच उठून विचारलं, "आमी म्हणजे कोण?"

"मिलीत झाली ती मिलीची. लाकूड माझां, खिळे माझे."

"फळी माझ्या पडवीतली. चामड्यां माझ्या चपलेचां."

पाहुणे हसले. बापूशेटही हसले, मोठ्या मनानं, लहान पोराच्या हट्टावर हसावं तसं. त्या हसण्याचा मला आजतागायत राग आहे. माझ्याशी भांडले असते तर मी विसरले असते. लोक मला सांगतात, शेवंते, नावात काय आहे, बोटं वाचली ना सगळ्यांची? नावात काही नसतं, तर बापूशेटनी का घेतलं? मी पुढच्या हंगामाआधी त्यांची मिल सोडली आणि स्वतःचा मांडव घातला. आज माझ्या मांडवाखाली बायका खिळे ठोकतात, आणि कोणी काही नवं केलं तर मी आधी विचारते, कोणी केलं. जिनं केलं तिचं नाव घेऊन ते गिऱ्हाइकाला सांगते. यात मोठेपणा काही नाही. बापूशेटना चिडवायला करते.

पण तो हंगाम आठवला की शेवटी मी बंदरावरच जाऊन पोचते. श्रावणातली नारळी पुनव. दर्याला नारळ देऊन झाला होता. सोनू तांडेलाची नवी होडी रंग लावून उभी होती, आणि तो वाळूत बसून गडी निवडत होता. दाजी पुढे गेला.

"हात दाखय," तांडेल म्हणाला.

दाजीनं दोन्ही हात पुढे केले. सोनूदानं ते उलटसुलट केले, मासळी ताजी आहे का बघतात तसे, बोटं वाकवून पाहिली. "मिलीत होतंस ना रे? मशिनीर? सगळी शाबूत कशी?"

"बायल मिलीत होती," दाजी म्हणाला.

वाळूतले सगळे हसले. सोनूदाही हसला, आणि मग त्यानं आपलं खरं रूप काढलं. "पण हात मऊ झाले रे. वल्ह्याक धरलंस की फोड येतले. औंदा अर्धो वाटो घे, फुडल्या वर्सा बघूया."

दाजीनं मान हलवायला सुरुवातही केली होती. मी त्याला ओळखते. मी पुढे झाले.

"सोनूदा, अर्धो वाटो अधू हाताक. ह्यातलो अधू हात खंयचो तो माका दाखवा."

"बायलेक गप कर रे दाजी."

"माका जमणा नाय," दाजी म्हणाला. "बापूशेटाक पण जमलां नाय."

"फोड येतले आणि जातले," मी म्हटलं. "बोट गेलां तर येता काय? मिलीतसून धा बोटां घेवन इललो गडी तुमका दुसरो गावता काय बघा. गावलो तर आमी जातो."

सोनूदानं दर्याकडे पाहिलं, होडीकडे पाहिलं, दाजीच्या हातांकडे पुन्हा पाहिलं. "बरां गो बाय. पुरो."

"माका सांगू नका. त्यांका सांगा." मी गड्यांकडे बोट केलं.

तो उठला आणि ओरडला, "दाजी पुऱ्या वाट्याचो!"

पहिल्याच आठवड्यात दाजीच्या तळव्यांना फोड आले, सोनूदा म्हणाला होता तसेच. संध्याकाळी मी पडवीत बसून त्याच्या हाताला तेल चोळायचे, एकेका बोटाला वेगळं, मुळापासून नखापर्यंत, आणि चोळताना मनातल्या मनात बापूशेटना शिव्या घालायचे. फोड कधीच बरे झाले. शिव्या चालू आहेत.